मोसंबीखालची ओली माती

संपादकांनी फोनवर सांगितलं, "तुमच्या कामाचे अनुभव लिहा, पण आधी तुमचं काम काय ते वाचकाला कळू द्या." इथंच घोडं अडलं. माझं काम काय, हे माझ्या सख्ख्या नणंदेला बारा वर्षांत कळलेलं नाही. ती आल्यागेल्याला सांगते, "वहिनी बोरचं करतेत." बोरचं करणारे जमिनीतलं पाणी वर काढतात. मी वरचं पाणी जमिनीत फिरवून परत वर आणते, आणि त्यातलं तांब्याभर कमी झालं तरी बोंब मारते. नणंद विचारते, मग त्याचा उपयोग काय? पुढचे दोन-तीन परिच्छेद खास तिच्यासाठी. बाकीच्यांनीही वाचायला हरकत नाही.

मे महिन्यात नांदेडच्या रस्त्यावर डांबर चपलेला चिकटत असतं, तेव्हा दोनशे फूट खाली जमीन निवांत असते. तिला ना उन्हाळा कळतो, ना हिवाळा. बड्या हापिसातल्या साहेबासारखं तिचं असतं, बाहेर काय पेटलंय याची खबर आतपर्यंत पोचतच नाही. या निवांतपणाचा फायदा घ्यायचा, एवढीच सगळी युक्ती. बोर पाडायचा, त्यात केसांच्या आकड्यासारखा वाकवलेला काळा पाइप सोडायचा, भोवती चिकणमाती ठासून भरायची. पाइपात पाणी. ते पाणी मोटारीनं खाली जातं, घरातला उकाडा जमिनीला देऊन येतं आणि गार होऊन परततं. मधे एक यंत्र असतं, त्याला फ्रिजचा थोरला भाऊ समजा. थंडीत तेच यंत्र उलटं चालतं आणि घर ऊबदार करतं. आपल्याकडं थंडी पंधरा दिवसांची पाहुणी, म्हणून लोक त्यावर अंघोळीचं पाणी तापवून घेतात. पाइपातलं पाणी मात्र वर्षानुवर्षं तेच. ना पिता येत, ना भांड्याला लावता येत. नुसतं गोल फिरायचं.

आणि निगा म्हणजे काय, तर गाळणी उघडून गाळ काढायचा. पाइपात अडकलेली हवा सोडायची. गरम पाण्याच्या बाजूला आपल्या पाण्याचा खार बसतो, तो औषधानं धुवायचा. खोल्यांतल्या जाळ्या धुवायच्या. थेंब पडायच्या ताटलीत शेवाळ साचून नळी तुंबते, ती फुंकायची. मी ती तोंडानंच फुंकते. कंपनीच्या कागदात त्याला काहीतरी भारदस्त नाव आहे.

माझे वडील मुदखेडला रेल्वेत गँगमन होते. आयटीआयला मला शिवणकामात घालायचं ठरलं होतं. त्या जागा भरल्या म्हणून फ्रिज-एसीच्या वर्गात बसले, आणि शिवणकामाचं नशीब फळफळलं. वीस वर्षं नांदेडात फ्रिज दुरुस्त केले. मग बाहेरगावच्या एका कंपनीला मराठवाड्यात या जमिनीच्या कामासाठी माणूस पाहिजे होता. जाहिरातीत 'माणूस' असंच लिहिलं होतं. मी माणूस आहे म्हणून गेले. समोरचे तिघं जण बराच वेळ एकमेकांकडं बघत राहिले, पण दुसरं कुणी आलंच नव्हतं.

सुरुवातीलाच नायगावच्या रस्त्यावरच्या एका गुत्तेदाराचा, म्हणजे कंत्राटदाराचा, बंगला आला. त्याच्याकडं यंत्राचा स्वस्तातला भाऊबंद होता. बोर नाही, पाणी नाही. दहा फूट खोल पुरलेला लांबलचक पाइप आणि एक पंखा. पंखा बाहेरची गरम हवा पाइपातून ओढतो, ती जमिनीखालून येता येता गार होते आणि घरात शिरते. या घरात हवेबरोबर वासही शिरत होता. इतका, की पाहुणे जेवायला बसले की अर्ध्या ताटावरून उठायचे.

मी पोचले तर गुत्तेदार फाटकातच उभा.

"मिस्त्री कुठंय?"

"मीच."

"न्हाई, काम करणारा?"

"तोबी मीच."

त्यानं मला वरून खाली पाहिलं, नाव-आडनाव विचारलं, आणि आडनाव कळल्यावर त्याच्या तोंडावर एकदम खुलासा झाला. म्हणाला, "आस्सं. मग बरोबर हाय. आत उतरावं लागंल ना? तुमच्याकडली लोकं उतरतेत की असल्यात."

साफसफाई म्हटलं की काही लोकांना हत्यारं आठवत नाहीत, जात आठवते. आम्ही बौद्ध. वडिलांनी गटार सोडाच, कुणाच्या उंबऱ्यापाशी खाली बसायचंसुद्धा शिकवलं नव्हतं. मी पिशवी जमिनीवर ठेवली आणि म्हटलं, "साहेब, पाइप नऊ इंचाचा हाय. माझी कंबर बघा, तुमची बघा. ज्याची मावंल त्यानं उतरायचं."

त्याची म्हातारी आई वट्ट्यावर बसली होती, ती तोंडाला पदर लावून हसली. मग गंभीर होऊन म्हणाली, "बाई, वासाचं काई न्हाई. कुणीतरी करणी केलीय. भगत येऊन गेला." हवा ओढायच्या तोंडाशी खरंच लिंबू, मिरच्या आणि काळी बाहुली टांगलेली होती. मी ती उतरवायला हात घातला तसे घरातले सगळे चार पावलं मागं सरले. काम करायला मस्त मोकळी जागा झाली. तेव्हापासून मी भगत लोकांना मनातून मानते.

पाइपातून दोरी पार करायची एक सोपी रीत आहे. प्लास्टिकच्या पिशवीला बारीक दोरा बांधायचा आणि पंखा चालू करायचा. हवाच पिशवीला ओढत नेते. इथं पिशवी निम्म्यात अडकली. मग तारेची लांब पट्टी घालून, टोकाला आकडा लावून ओढलं. आधी चिंध्या आल्या, मग मक्याचं दाणे खाल्लेलं बुरकंड, मग एका चपलेचा अंगठा, आणि शेवटी संसाराची मालकीण. चांगली मांजराएवढी घूस, मरून आठ दिवस झालेली. ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात भिजवलेलं पोतं तीनदा आरपार ओढलं, खड्ड्यातलं साचलेलं पाणी उपसलं, तोंडाला जाळी ठोकली. पहिली जाळी बसवणाऱ्यानं ती बसवलीच नव्हती. खरी करणी म्हणाल तर तीच.

म्हातारी घुशीकडं बघून म्हणाली, "हिच्यातच घालून पाठवली आसंल." आणि लिंबू-मिरची नव्या जाळीला परत बांधली. मी म्हटलं, बांधा. भोक तेवढंच बुजतंय.

हा किस्सा मी लग्नात, बारशात, बसमध्ये, जागा मिळेल तिथं सांगते. जो कुठंच सांगत नाही, तो लातूरचा. पण संपादक म्हणाले अनुभव लिहा, आणि घुशीचा तर अनुभव घुशीलाच जास्त आला. म्हणून लातूरचं लिहिते.

लातूरला भौतिकशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक राहतात. मी त्यांना सर म्हणते आणि त्यांच्या बायकोला काकू. त्यांनी घर बांधताना पाण्यासाठी दोन बोर घेतले. दोन्हींतून नुसता धुराळा निघाला. शेजारीपाजारी मयताला यावं तसं भेटायला आले. सर मात्र खूश. म्हणाले, "पाणी नाही तर नाही, गारवा तर आहे!" आणि त्याच कोरड्या बोरांत त्यांनी पाइप सोडायला लावले. दोन्ही बोरांचे पाइप अंगणातल्या चार फूट खोल चरातून घरात आणले. त्या चरातले सांधे मी माझ्या हातानं जोडलेले. तापलेल्या तव्यावर पाइपाची दोन तोंडं वितळवायची आणि एकमेकांत दाबून धरायची. मला त्या सांध्यांचा फार अभिमान होता. काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते, भल्याभल्यांचे पाइप ओढून तोडते. माझे तुटले नव्हते.

सर भला माणूस, पण मापाचा. प्रत्येक खोलीत थर्मामीटर. पंखा किती उंच, खिडकी किती वाजता उघडायची, चहा किती उकळायचा, सगळं ठरलेलं. त्या घरात सरांनी न ठरवलेली एकच वस्तू होती, ती म्हणजे अंगणातली मोसंबी. काकूंच्या भावानं कलम आणून दिलं होतं. त्याला खत कधी, आळं केवढं, हे काकू बघायच्या. मी वर्षातून दोनदा निगा करायला जायचे तेव्हा जाताना पिशवीत चार मोसंब्या पडायच्याच. सालीला जाड, पण आतून साखर.

मग तो उन्हाळा आला. लातूरकरांना उन्हाळ्यातली पाणीटंचाई नवी नाही, पण त्या वर्षी नळ महिना महिना यायचा नाही. टँकर आला की सर टाकीत काठी बुडवून पाणी मोजायचे आणि बादल्यांची वाटणी करायचे. अंघोळीला एक, भांड्यांना दोन, असं. झाडाला शून्य.

एप्रिलच्या मध्याला सरांचा फोन आला. "शोभाबाई, यंत्र गडगडतंय."

यंत्र गडगडतं म्हणजे पाइपात हवा शिरली. यंत्राच्या खोलीच्या छतावर शंभर लिटरची निळी टाकी असते, तिच्यामुळं पाइप कायम भरलेला राहतो. त्या टाकीतलं पाणी वर्षात बोटभर उतरलं तर उतरतं. मी जाऊन बघितलं तर टाकी खडखडीत. सरांनी टँकरचं पाणी त्यात भरलं, तेही काठी न बुडवता. म्हणाले, "यंत्राला कमी पडायला नको." मी हवा सोडली, गंज धरू नये म्हणून पाण्यात घालायचं औषध घातलं आणि आले.

आठ दिवसांनी परत फोन. परत टाकी रिकामी. परत भरली, परत औषध. मग तिसऱ्यांदा. नांदेड-लातूर बसचा कंडक्टर मला विचारायला लागला, "बाई, लेक दिली काय लातूरला?"

तिसऱ्या खेपेला सर चष्मा काढून म्हणाले, "शोभाबाई, पाणी हवेत उडून जात नाही. तुमचा सांधा गेलाय."

कंपनीच्या साहेबालाही त्यांनी तेच कळवलं. साहेबानं मला सांगून टाकलं की तो माणसं पाठवणार, अंगण खोदणार, आणि सांधा फुटलेला निघाला तर मराठवाड्याचं काम दुसऱ्याकडं जाणार. मी ठरवलं, कंपनीची माणसं यायच्या आत माझी चूक मीच शोधायची आणि मीच निस्तरायची. लई तोरा होता अंगात.

आता आमच्या कामाचा नियम सांगते. गळती वाटली की आधी दोन्ही बोरांचे कॉक बंद करायचे, टाकीवर खडूनं रेघ मारायची आणि दिवसभर थांबायचं. रेघ हलली तर दोष घरात, नाही हलली तर दोष जमिनीत. मगच कुदळ हातात घ्यायची. पोराला पाढे यावेत तसा मला हा नियम पाठ. पण मी अंगणात शिरले आणि बघते तर सगळी जमीन भेगाळलेली, आणि बरोबर चराच्या वर, मोसंबीच्या बुडाशी माती ओली. हातात घेतली तर तिचा गोळा झाला. अख्ख्या लातुरात तेव्हा माती ओली असायला दुसरं कारणच नव्हतं.

मी ओरडलेच, "सर, सापडलं!"

नाक्यावरून रघुमामा नावाचा एक जुना खोदणारा आणला होता. त्यानं कुदळ उचलली तशा काकू स्वयंपाकघरातून पळत आल्या. हाताला पीठ तसंच.

"तिथं खणू नका."

"काकू, पाइप तिथूनच गेलाय."

"असू दे. तिथं गळत नाहीये."

"मग माती ओली कशानं?"

काकूंनी सरांकडं बघितलं, मग माझ्याकडं. परत म्हणाल्या, "शोभा, ऐक माझं. तिथं नाही गळत."

आणि मी काय म्हणावं? जिला पंचवीस वर्षं दारोदार लोकांनी 'तुम्हाला काय कळतं त्यातलं' असं ऐकवलं, त्या मी, शोभा मिस्त्रिणीनं, हातात मातीचा गोळा धरून म्हटलं, "काकू, तुम्हाला काय कळतं त्यातलं?"

काकू आत गेल्या आणि स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली.

मोसंबीची मुळं उथळ असतात. हातभर खणलं तोवर अंगठ्याएवढी सात-आठ तुटली. रघुमामा थांबून म्हणाला, "बाई, झाड मरंल की वो." मी म्हटलं, "चला, चला, उरका." दोन फुटांवर ओल संपली. तीन फुटांवर भुगा. चार फुटांवर माझा पाइप निघाला, कोरडा ठणठणीत, वर मातीची पावडर. सांध्यावर बोट फिरवलं. नवरदेवासारखा सांधा. मला आनंद व्हायला पाहिजे होता. मी पुढं आणखी दहा फूट खणायला लावलं. तिथंही कोरडं. झाडाची एक बाजू पूर्ण मोकळी पडली होती आणि मुळं दातांसारखी बाहेर आली होती.

सर म्हणाले, "मग पाणी जातं कुठं?" मी रघुमामाला जेवायला पाठवलं आणि जे सकाळी करायचं ते दुपारी करायला घेतलं. कॉक बंद केले, टाकीवर खडूची रेघ मारली आणि यंत्राच्या खोलीत, यंत्राच्या मागं पोतं टाकून बसले. यंत्र बंद, त्यामुळं खोलीत चिटपाखराचा आवाज नाही. सर वामकुक्षीला गेले होते. तेही त्यांचं ठरलेलं, दोन ते तीन.

सव्वादोनला दार हळूच उघडलं. काकू आत आल्या, हातात निळी बादली. खाली वाकून त्यांनी पाइपाचा खालचा कॉक फिरवला. रोज करणाऱ्या माणसाचा हात कळतो. कॉक किती फिरवायचा, बादली कुठं धरायची म्हणजे आवाज होत नाही, सगळं त्यांना माहीत होतं. पाऊण बादली भरली, कॉक बंद केला, पदरानं तोंड पुसलं आणि वळल्या, तर समोर मी.

मीच विचारलं, "रोज नेता, काकू?"

"रोज."

"सांगायचं ना मला."

"ह्यांच्यासमोर?" त्यांनी बादली खाली ठेवली. "तू म्हणालीस, मला काय कळतं. बरोबर आहे तुझं. मला ह्या यंत्रातलं काही कळत नाही. मला एवढंच कळत होतं की पाणी मी काढत होते."

मला वाटलं त्याच पोत्यात शिरावं आणि वरून तोंड बांधून घ्यावं.

"आणि आता? आता तर मुळं..."

"आता त्याला जास्तच लागेल ना," काकू म्हणाल्या आणि बादली उचलून बाहेर गेल्या. मी खिडकीतून बघितलं. त्या झाडाच्या न खणलेल्या बाजूला बसून ओंजळीनं पाणी घालत होत्या. बादली एकदम ओतली तर ते चरात वाहून जाईल म्हणून.

तेव्हा मला दुसरी गोष्ट आठवली. त्या पाण्यात मी औषध घातलं होतं. तीनदा. पाणी बदललंय म्हणून दर वेळी पूर्ण मात्रा. पाइपासाठी चांगलं, झाडासाठी काय ते मला ठाऊक नव्हतं. मी धावत जाऊन काकूंचा हात धरला आणि औषधाचं सांगितलं. काकूंनी मान वर करून पानांकडं बघितलं. पानं पंधरा दिवसांपासून पिवळी पडत होती. त्या समजत होत्या, पाणी कमी पडतंय, म्हणून बादली वाढवत होत्या.

तीन वाजता सर उठले. मी आधीच ठरवलं होतं. म्हटलं, "सर, सापडलं. खालचा कॉक गळत होता. माझ्या नजरेतून सुटला. चूक माझी."

सरांनी चष्मा लावला. "कॉक गळून आठ दिवसांत शंभर लिटर?"

"हाव."

"म्हणजे दिवसाला साडेबारा. तासाला अर्धा लिटरच्या वर." त्यांनी पेन्सिल घेतली. "इतकी गळती असती तर खोलीत तळं व्हायला पाहिजे होतं, शोभाबाई. फरशी कोरडी आहे."

बारा वर्षांत मी भल्याभल्या गिऱ्हाइकांना थापा मारून पचवल्या आहेत, पण भौतिकशास्त्राला थाप पचत नाही. मी पुढची थाप शोधत होते तोवर दारातून आवाज आला.

"मी काढत होते."

सर वळले. काकू उभ्या होत्या, बोटांना ओली माती.

"तू? कशासाठी?"

"झाडासाठी."

"मग मला सांगायचं!"

"सांगितलं होतं. तीनदा सांगितलं. तुम्ही म्हणालात, मोसंबीला पाणी तोडून ताण दिल्याशिवाय बहार येत नाही." काकूंचा आवाज अजिबात चढला नाही. "ताण महिना-दीड महिन्याचा असतो. मेल्यावर बहार येत नाही. यंत्र गडगडलं की तुम्ही न मोजता पाणी ओतत होतात. मी म्हटलं, ठीक आहे, यंत्राला मिळतंय ना, मग यंत्राकडून घेते."

सरांनी पेन्सिल खाली ठेवली. उठले आणि उन्हात, डोक्याला टोपी नाही काही नाही, चराच्या कडेला जाऊन बसले. तोडलेली मुळं एक एक हातात घेऊन बघत होते. रघुमामा जेवून परत आला, त्यानं मला हळूच विचारलं, "सायबाला ऊन लागलं का काय?" मी म्हटलं, "लागू दे जरा."

चर आम्ही तिघांनी मिळून बुजवला. सरांनी मातीची ढेकळं फोडली, हाताला फोड येईस्तोवर. संध्याकाळच्या बसला मी निघाले तेव्हा काकू दारापर्यंत आल्या नाहीत. आजवर असं झालं नव्हतं.

सरांनी कंपनीला कळवलं की दोष पाइपात नव्हता, घरात होता. माझं काम टिकलं. पुढं महिनाभर सर अर्ध्या बादलीत अंघोळ करत होते आणि उरलेलं अर्धं, साबण न लावलेलं, झाडाला घालत होते. हे मला सरांनीच फोनवर सांगितलं, अंघोळीच्या आकड्यांसकट. पाऊस आला. लातूरभर हिरवं झालं. मोसंबी मात्र वाळत गेली, आधी खणलेल्या बाजूनं, मग सगळीच. मुळं तोडल्यानं मेली की औषधानं, हे मला अजून सांगता येत नाही. दोन्ही माझ्याच हातचं, त्यामुळं फार शोध घेतला नाही.

तेव्हापासून मी कुठल्याही घरात गेले की पिशवी उघडत नाही. आधी स्वयंपाकघरात जाऊन बसते. घरच्या बाईला विचारते, "तुम्ही या यंत्राचं काय काय करता?" पहिल्यांदा 'काही नाही' म्हणतात. चहा झाला की बोलायला लागतात. मुदखेडच्या एका बाईनं गरम पाइपाला टेकवून दही लावायचा रिवाज पाडला होता, आणि नवरा बिचारा त्या खोलीतल्या आंबट वासासाठी तीनदा कंपनीला तक्रार करून मोकळा झाला होता. किनवटच्या एका मास्तरीणबाई जाळीवर सांडगे वाळवायच्या. नांदेडात एका सासूबाईंनी सुनेच्या खोलीत गार हवा सोडणारी झडप चिंधी कोंबून बंद केली होती. सून गारव्यात झोपली की उशिरा उठते म्हणे. माझ्या निम्म्या तक्रारी पान्हा न लावता चहावर मिटतात. साहेब लोक मला विचारतात, बाई, तुम्हाला न बघता कसं कळतं? मी म्हणते, अनुभव.

दिवाळीच्या तोंडावर लातूरच्या घरची सहामाही निगा आली. जायचं जिवावर आलं होतं. गाळणी धुतली, खार काढला, जाळ्या पुसल्या. टाकीतलं पाणी केसभरही हललं नव्हतं. पिशवी आवरली तशा काकू आल्या. त्या दुपारनंतर पहिल्यांदाच माझ्याशी बोलल्या.

"करवत आहे का तुझ्याकडं?"

"पाइपाची आहे."

"चालेल. ते झाड काप. ह्यांना मी कापू दिलं नाही. माणूस बोलवायचा म्हणत होते, तोही बोलवू दिला नाही. तू काप."

मी उकिडवी बसून बुंध्याला करवत लावली. मोसंबीचं वाळलेलं लाकूड फार चिवट. काकूंनी पलीकडून फांदी धरून ठेवली, झाड माझ्या अंगावर येऊ नये म्हणून. पाऊण तास लागला. मधे एकदा मी थांबले, घामाबरोबर डोळ्यांतूनही पाणी यायला लागलं होतं. म्हटलं, "काकू, मला माफ करा."

काकूंनी फांदी सोडली नाही. म्हणाल्या, "करवत सांभाळून चालव. खालचा पाइप कापलास तर ह्या वेळी पाणी खरंच गळेल, आणि ह्या घरात आळ माझ्यावर यायचा."

मी वर बघितलं. त्या हसत होत्या. मग मलाही आवरलं नाही. दोघी मेलेलं झाड धरून हसत सुटलो, इतक्या, की आतून सरांचा आवाज आला, "काय झालं? काय झालं?"

काकू म्हणाल्या, "काही नाही. तुम्ही झोपा. तीन वाजायचेत अजून."